माझ्या गाडीचे पांढरे दिवे

मी सिन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. राहायला नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या एका गल्लीत. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर होतात आणि गाडी मीच चालवते. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या वयाच्या बायकांत हायवेवर गाडी घेऊन येणारी मी एकटी. कुणी त्याचं कौतुक केलं की मी हसून विषय बदलायचे, पण आतून बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. प्रॅक्टिकलच्या जादा बॅचेस असल्यामुळे निघायला सव्वासहा-साडेसहा व्हायचे आणि तोवर अंधार पडलेला असायचा. मोहदरीचा घाट उतरून पुढे आलं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागायच्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. एका संध्याकाळी अशीच एक ट्रॉली एकाएकी माझ्या बॉनेटसमोर उभी राहिली. शेजारी केमिस्ट्रीची मैत्रीण बसली होती. ती किंचाळली म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे काचेवर घासत होते.

"तुला दिसली नाही?" तिनं विचारलं.

"मागे दिवेच नव्हते ना त्याच्या."

"मला तर कधीची दिसत होती."

थोडं पुढे गेल्यावर मी म्हणाले, "माझे हेडलाइट फार मंद झालेत गं. बदलायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीने यायला लागली. घरून लवकर निघायचं असतं, असं काहीतरी कारण तिनं सांगितलं.

हेडलाइट मंद झाले नव्हते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वर्षभरापासून समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मला एक फिकट कडं दिसत होतं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. दुसऱ्या वेळी चष्म्याच्या दुकानदारानं "एकदा डॉक्टरला दाखवा" असं सांगितलं होतं, तेही मी घरी सांगितलं नव्हतं. माझ्या आईला पन्नाशीच्या आतच मोतीबिंदू झाला होता. घरातल्या सगळ्यांनी तेव्हा तिच्या हातातून एकेक काम काढून घेतलं आणि ऑपरेशन झाल्यावरही ते परत दिलं नाही. मला ती भीती होती. डोळ्यांचं नाव निघालं की नवरा पहिल्यांदा गाडीची किल्ली मागणार, हे मी मनात पक्कं धरून बसले होते. म्हणून दोष गाडीला दिला.

पुढच्या रविवारी मुंबई नाक्याकडच्या एका दुकानात गेले. गाडीला सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, दिवे असलं सगळं बसवून देणारं दुकान. दुकानदारानं माझी गाडी बघितली आणि म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या हॅलोजनमध्ये काही दम नसतो. झेनॉन टाका. दिवस उगवल्यासारखं दिसेल."

अर्ध्या तासात काम झालं. बॉनेटच्या आत दोन्ही बाजूंना काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्या बसल्या, वायरी जोडल्या गेल्या. बसवण्याआधी त्यानं जुना दिवा समोरच्या भिंतीवर पाडून दाखवला होता. पिवळसर उजेड, वरच्या बाजूला पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ, रेघेच्या खाली प्रकाश आणि वर अंधार. मग नवा लावला. भिंत एकदम निळसर पांढरी झाली. पण ती रेघ कुठेच नव्हती. उजेड भिंतभर सांडला होता, वर शटरवर, त्याच्याही वर पाटीवर.

मी फिजिक्सची शिक्षिका. हेडलाइटचा आरसा एका ठरावीक जागी असलेल्या ठरावीक आकाराच्या तारेसाठी बनवलेला असतो. त्या जागी दुसऱ्या आकाराचा उजेड ठेवला की किरण पाहिजे तिकडे न जाता वर-बाजूला फाकतात आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातात. आरशांच्या धड्याला मी दरवर्षी हेच उदाहरण देत आले. "गाडीत भलते बल्ब टाकणारे लोक का धोकादायक असतात, सांगा बघू," असा प्रश्न मी पोरांना विचारायचे. आणि तोच सांडलेला उजेड समोर बघून मी दुकानदाराला म्हणाले, "छान आहे."

"पोलिसांनी धरलं तर?" एवढं मात्र विचारलं.

"लेडीज ड्रायव्हरला कोण धरतंय?" तो म्हणाला, आणि जुने बल्ब एका खोक्यात घालून त्यानं माझ्या हातात दिले.

त्याच आठवड्यात अकरावीला आरशांचा धडा चालू होता. ते उदाहरण मी गाळलं. कुणाला ते कळण्याचं कारण नव्हतं, तरी फळ्याकडे तोंड करून मी जरा जास्तच वेळ लिहीत राहिले.

मला मात्र दिसायला लागलं. रस्त्याच्या कडेचा दगडन् दगड, पांढरी पट्टी, ट्रॉलीची चाकं. हायवेला मधे दुभाजक असल्यामुळे तिथे फारसं कुणी काही म्हणायचं नाही. नाशिकरोडला शिरल्यावर समोरचे लोक डिप्पर मारायचे, हात वर करायचे. एकदा सिग्नलला एका बाईनं पदर डोळ्यांवर धरला. मी डावीकडे बघितलं. सिग्नल सुटल्यावर निघाले.

आमच्या गल्लीत त्या वेळी ड्रेनेजचं काम चाललं होतं. एका बाजूने कमरेइतका चर खणून ठेवला होता आणि मातीचे ढिगारे रस्त्यावरच पडले होते. गल्लीच्या तोंडाशी वळल्यावर लगेच एक बंगला लागतो. त्याच्या मागच्या खोलीत तेव्हा एक जीपवाला भाड्याने राहायचा. कळवणकडचा. वणी, त्र्यंबक, शिर्डी अशा फेऱ्या मारायचा. घाटात धुकं असतं म्हणून त्यानं जीपच्या पुढच्या गार्डवर चार गोल दिवे बसवले होते आणि ते गल्लीत कुणाला आवडायचे नाहीत. खरं सांगायचं तर तो स्वतःच कुणाला फारसा आवडायचा नाही. सकाळी पाचला गाडी चालू करतो, गाडी गल्लीत धुतो, अशा तक्रारी असायच्या. त्याची बायको शिवणकाम करायची. मशीन खिडकीपाशी, वळणाकडे तोंड करून. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको तीच करायची, माझ्याही. ती मला ताई म्हणायची.

माझे सासरे आमच्यासोबत राहतात. इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि रोज संध्याकाळी सायकलवरून दत्तमंदिराजवळच्या कट्ट्यावर जायचे. सातच्या सुमारास परत यायचे. सायकल सोडा म्हणून नवरा कितीदा सांगायचा, पण बाबा ऐकायचे नाहीत. आता लक्षात येतं की मी गाडीची किल्ली धरून बसले होते, तसंच त्यांचं सायकलचं होतं.

दिवे बसवून दहा दिवस झाले असतील. मी सातला पाच-दहा मिनिटं असताना गल्लीत वळले. पुढचं चाक मातीच्या ढिगावर चढलं, गाडीचं नाक वर झालं आणि पांढरा उजेड समोरच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेला. चाक खाली उतरताना डाव्या बाजूला चराच्या कडेला कुणीतरी सायकल घेऊन थांबल्यासारखं वाटलं. करडी आकृती, एक हात डोळ्यांपुढे. मला वाटलं, आपल्याला जागा देतोय. काचा वर होत्या, रेडिओ चालू होता. मी घरी आले, गाडी फाटकाच्या आत लावली, हातपाय धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.

चहा गाळत होते तेव्हा बाहेर आवाज आले. समोरच्या घरातले निवृत्त अधिकारी, ज्यांना गल्लीत सगळे साहेब म्हणतात, ते आणि आणखी दोघे-तिघे बाबांना धरून आणत होते. बाबांचे कपडे मातीनं भरले होते. डावं मनगट त्यांनी उजव्या हातात धरलं होतं, आणि ते मनगट मनगटासारखं दिसत नव्हतं.

"अहो, झालं काय?" नवऱ्यानं विचारलं. तो नुकताच आला होता.

"कुठल्यातरी गाडीचा लाइट आला डोळ्यांवर," बाबा म्हणाले. "पांढराफेक. पुढचं काही दिसेचना. चरात गेलो."

"कुणाची गाडी?"

"कुणाची म्हणजे?" साहेब म्हणाले. "आपल्या गल्लीत दिव्यांचं दुकान मांडून फिरणारा एकच आहे."

बाबांनी डोळे मिटले होते. "असेल," ते म्हणाले. "मोठी गाडी वाटली खरी."

मी त्या वेळी बर्फ फडक्यात गुंडाळत होते. माझी बोटं चालू होती. एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, ती मी होते." चार शब्द. माझ्या मनात ते स्पष्ट उभे राहिले, मी तोंडही उघडलं, आणि बाहेर आलं ते, "आधी दवाखान्यात नेऊ या."

नवरा किल्ली घ्यायला वळला. मी म्हणाले, "रिक्षा बोलवा. गाडी आत लावलीये, काढण्यात वेळ जाईल."

गाडी काढायला एक मिनिट लागलं असतं. पण नवऱ्यानं हेडलाइट लावले असते आणि पांढरा उजेड सगळ्यांच्या देखत भिंतीवर पडला असता. दुखणाऱ्या माणसाला मी रिक्षातून खड्ड्याखड्ड्यांवरून नेलं. प्रत्येक धक्क्याला बाबा ओठ आवळत होते आणि मलाच म्हणत होते, "तू नको घाबरू."

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना मी वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये थांबले. मुंबई नाक्यावरच्या दुकानात गेले नाही, मुद्दाम अनोळखी गॅरेज निवडलं. खोक्यातले जुने बल्ब परत बसवून घेतले. मेकॅनिकनं विचारलं, "का हो, नवेच दिसतायत, चांगले नाहीत का?" मी म्हणाले, "दुसऱ्यांना त्रास होतो." तो म्हणाला, "असा विचार करणारे कमी असतात बघा." मी त्याला थँक्यू म्हणाले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गल्लीतले सात-आठ जण त्या बंगल्यासमोर जमले. साहेब, घरमालक, माझा नवरा. मी जाणार नव्हते, पण नवरा म्हणाला, "चल, घरच्या बाईनं सांगितलेलं बरं दिसतं." मी गेले आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिले.

जीपवाला अंघोळ करून नुकताच बाहेर आला होता. साहेबांनी सरळ सुरुवात केली. म्हातारा माणूस पडला, हात मोडला, जीव गेला असता तर? जीपवाला शांतपणे ऐकत होता.

"साहेब, त्या दिवशी मी वणीला होतो," तो म्हणाला. "नऊला आलो घरी."

"कुणी बघितलं?"

"पॅसेंजरला फोन लावून देऊ का? लगेच बोलत्याल."

"तुझे पॅसेंजर तुझ्याच बाजूनं बोलणार."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

माझा नवरा स्वभावानं मवाळ आहे. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "माझ्या वडिलांचं वय बघ! तुला घाटात लाइट लागतात, मग घाटात लाव. इथे माणसं राहतात."

जीपवाल्याची बायको दारात उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच. ती माझ्याकडे बघत होती. सगळे बोलत होते, तिचा नवरा ज्याच्या-त्याच्याकडे बघून उत्तरं देत होता, आणि ती मात्र एकटक माझ्याकडे. मला वाटलं, मी ओळखीची म्हणून माझ्याकडून चार शब्दांची अपेक्षा करतेय. मी ओढणी सारखी केली आणि खाली बघितलं.

मग तो आत गेला आणि पाना घेऊन आला. जीपसमोर उकिडवा बसला. एकेक नट सैल करून त्यानं चारही दिवे उतरवले, वायरींना टेप गुंडाळली, आणि दिवे पोत्यात भरले. याला बराच वेळ लागला. कुणीही जागचं हललं नाही. आपण जिंकलो असं काहींना वाटत असावं, काहींना कसंतरी वाटत असावं. मी तिथे उभी होते.

"झालं," तो उठून म्हणाला. "आता कुणाच्या डोळ्यावर उजेड आला तर तो माझा नाय."

एवढं करूनही घरमालकानं सांगितलं की गाडी यापुढे गल्लीत लावायची नाही, बाहेर मोठ्या रस्त्यावर लावायची. आठवड्याभरात तिथे कुणीतरी जीपचा आरसा फोडला. महिनाअखेर ते खोली सोडून निघाले.

जायच्या आदल्या दिवशी त्याची बायको माझ्या दोन साड्या घेऊन आली.

"ताई, फॉल लावून झालाय. बघून घ्या."

"अगं, कुठे चाललात?"

"पेठ रोडला खोली बघितलीये."

"लांब पडेल नाही तुम्हाला?"

"पडंल."

ती लगेच गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, दारावरच्या तोरणाकडे बघत. मला वाटलं, काही मागायचं असेल. मी म्हणाले, "इकडे आलीस की येत जा." ती "हं" म्हणाली आणि चपला घालून गेली.

जानेवारीत मी शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तेही आपणहून नाही. प्रॅक्टिकलला व्हर्निअरचं रीडिंग मी सलग दोनदा चुकीचं सांगितलं आणि एका मुलीनं हळूच दुरुस्त केलं, म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो का?"

"होतो."

"बऱ्याच दिवसांपासून होत असणार. मग गाडी चालवताना काय करत होतात?"

मी म्हणाले, "हळू चालवत होते."

बाबांचं प्लॅस्टर निघून तेव्हा काही दिवस झाले होते. संध्याकाळी ते पलंगावर बसून रबराचा चेंडू दाबत बसायचे, बोटांत जोर यावा म्हणून. नवरा अजून यायचा होता. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि डोळ्यांचं सांगितलं. मग म्हणाले, "बाबा, त्या दिवशी तो जीपवाला नव्हता. माझी गाडी होती. मी वेगळे बल्ब बसवले होते."

चेंडू दाबायचे ते थांबले.

"तू?"

"हो."

"मला मोठी गाडी वाटली."

"उजेड मोठा होता."

मी सगळं सांगितलं. चराकडेची आकृती, रिक्षा, दुसऱ्या दिवशीचं गॅरेज. रडू येत होतं, पण रडले असते तर ते माझीच समजूत काढायला लागले असते, म्हणून आवरलं.

"मी 'असेल' म्हणालो," ते शेवटी म्हणाले. "मी काही बघितलं नव्हतं, तरी म्हणालो." मग माझ्याकडे बघून, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय आधी सांगतेस? माझा हात जुळला."

रात्री जेवताना नवऱ्यालाही सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही. म्हणाला, "मी त्या माणसावर ओरडलो. तू शेजारी उभी होतीस." थोड्या वेळानं, "आता कशाला उकरून काढायचं? तो गेलाही." बाबा म्हणाले, "तू नको येऊ. आम्ही जातो."

घरमालकाकडून नंबर घेतला. फोनवर बाबांनीच बोलून घेतलं. रविवारी दुपारी निमाणी बसस्थानकाच्या पुढे वणीच्या जीप लागतात तिथे भेटायचं ठरलं. आम्ही रिक्षानं गेलो. तो जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. बाबांना बघून पुढे आला आणि त्यांचा हात हातात घेऊन मनगट नीट बघितलं. "वळतंय का पूर्ण?" त्यानं विचारलं.

चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर त्यानं बाबांना बसवलं. मी उभीच राहिले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. रस्त्यावरच्या गोंगाटात मला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

माझं बोलून होईपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "माहितीये मॅडम."

"माहिती होतं?"

"बायको मशीनवर बसली होती. तिनं तुमची गाडी वळताना बघितली. बाबा पडले तवा तीच पहिली पळाली ना बाहेर. मी घरी आल्यावर तिनं सांगितलं."

बाबा म्हणाले, "हो रे. एका बाईनं सायकल काढली माझ्या अंगावरची. मला तेव्हा भान नव्हतं."

"मग तुम्ही रविवारी बोलला का नाही?" मी विचारलं. विचारताना मला वाटलं होतं की हा प्रश्न विचारायचा मला काही हक्क आहे.

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मी काय बोलणार? माझं कुणी ऐकत होतं का? त्यात मास्तरीणबाईंचं नाव घेतलं असतं तर तिथंच मार खाल्ला असता." मग जरा थांबून, "आन् तुम्ही समोरच होत्या. बायको म्हणत होती, ताई बोलतील. लाइट खोलायला मी लय वेळ लावला मॅडम. तीच म्हणाली होती, घाई करू नका म्हणून."

बाबांनी दोन्ही हात जोडले तेव्हा त्यानं ते पटकन धरून खाली केले. "असं नका करू बाबा. तुम्ही पडले होते, तुम्हाला काय दिसणार." बाबांना त्यानं माफ केलं होतं, किंवा त्यांच्यावर त्याचा राग नव्हताच. माझ्याशी तो शेवटपर्यंत नीट, अदबीनं बोलला, आणि त्या अदबीत मला जवळ येऊ देणारं काही नव्हतं.

मी म्हणाले, "मी गल्लीत सगळ्यांना सांगणार आहे. घरमालकाशी बोलते. तुम्ही परत या."

"सांगा. पण परत नको. बायको नको म्हणते."

गल्लीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली, चर बुजवून झाल्यावर रस्त्याचं डांबरीकरण कधी होणार यासाठी. साहेबांच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं होती. मी उभी राहिले आणि सांगितलं. लोक काय म्हणतील याची मी आठवडाभर झोप घालवून तयारी केली होती. संताप, टोमणे, तोंड फिरवणं, सगळ्याची.

तसं काही झालं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, डोळ्यांचं एवढं अंगावर काढलंस?" दुसऱ्या एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. आणि एवढं उभं राहून सांगितलंत, याला मोठं मन लागतं."

"पण त्याला आपण इथून घालवलं," मी म्हणाले.

"त्याचे लाइट बेकायदेशीर होतेच ना."

"माझेही होते."

"तुमची गोष्ट वेगळी."

कशी वेगळी, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा दोघे-तिघे हसले, मी गंमत करतेय असं समजून. घरमालक म्हणाला की खोलीत आता दुसरे भाडेकरू आलेत, शांत आहेत. कुणीतरी त्या माणसाला निदान फोन करावा, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, करू की. मग डांबराचा विषय निघाला. मी खाली बसले. माझ्या शेजारणीनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि तो मी प्यायले.

त्या गच्चीवर मला जितकी लाज वाटली तितकी त्या रविवारी फाटकाच्या खांबाला टेकून उभी असतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान भीती होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटीच पेठ रोडला गेले. बसनं. एका चाळीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. दार उघडं होतं, ती मशीनवर होती. मला बघून उठली नाही. मशीन चालू ठेवलं. मी दारातच उभी राहून बोलले. मशीनच्या आवाजात तिला किती ऐकू गेलं कोण जाणे. कापडाची कड संपल्यावर तिनं पाय थांबवला.

"ताई, त्या दिवशी साड्या घेऊन आले होते," ती म्हणाली, "तवा मी किती वेळ उभी होते."

"हो."

"मला वाटलं, दोघीच हायेत, आता तरी म्हणाल."

मी मान हलवली. ती दोरा तोडून पुढचं कापड घेत म्हणाली, "डोळ्याचं झालं का?"

"एकाचं झालं."

"मग जपून उतरा. तिसरी पायरी मोडकी हाये."

बाबा दर दोन-तीन महिन्यांनी वणीला जातात आणि जायचं असलं की त्यालाच फोन करतात. तो जीप गल्लीत आणत नाही, मोठ्या रस्त्यावर उभी करतो. बाबांची पिशवी घेऊन मी कोपऱ्यापर्यंत सोडायला जाते. तो खाली उतरून बाबांना आधार देऊन पुढच्या सीटवर बसवतो, पट्टा लावून देतो. "नमस्कार मॅडम," म्हणतो. मीही नमस्कार म्हणते. एकदा बाबांनी आतून विचारलं, "तू पण चल ना, रविवारच आहे." मी त्याच्याकडे बघितलं. तो आरसा पुसत होता. मी म्हणाले, "नको बाबा, पेपर तपासायचेत," आणि जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच थांबले.